केटरर, मिठाईवाले आणि घरगुती फराळ उद्योगांसाठी लेबलचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात जेवणाची ऑर्डर घेणारे, पोळी-भाजी केंद्र चालवणारे, मिठाई-फरसाण विकणारे किंवा दिवाळीपुरता फराळ करणारे यांच्याकडून येणारे हे प्रश्न आहेत. मुख्य आधार दोन: अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालचे लेबलिंग व डिस्प्ले विनियम, २०२०. वजन आणि किमतीसाठी वैधमापन शास्त्राचे पॅकेज्ड कमोडिटीज नियम, २०११ वेगळे लागू होतात. अन्नाचे नियम अन्न व औषध प्रशासन पाहते, वजन-किमतीचे वैधमापन खाते. एकाच पाकिटासाठी दोन खात्यांचे निरीक्षक येऊ शकतात.

लग्नाच्या पंगतीत किंवा बुफेत वाढलेल्या जेवणाला लेबल लागते का?

नाही. लेबलची सक्ती आधीच बंद केलेल्या पाकिटाला आहे. आतला माल पाकीट न फोडता बदलता येत नसेल आणि ते तसेच विक्रीला ठेवलेले असेल, तर ते ‘प्री-पॅकेज्ड’. पातेल्यातून ताटात आलेले वरण त्यात बसत नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: गिऱ्हाईक यायच्या आधी झाकण बंद झाले होते का? हो असेल तर लेबल, नाही तर नाही. तेच श्रीखंड वाटीत वाढले तर लेबल नको. २०० ग्रॅमच्या डब्यात सील करून काउंटरच्या फ्रिजमध्ये ठेवले, तर पूर्ण लेबल हवे. स्वयंपाकघर एक, आचारी एक, तरी नियम दोन. बहुतेक केटरर इथेच फसतात. ‘आमचे केटरिंगचे लायसन्स आहे’ एवढ्यावर ते डबाबंद लोणचे, चटणी, लाडू विकत राहतात. प्रत्यक्षात असा माल बनवून बंद करणे हा उत्पादनाचा प्रकार आहे आणि तो लायसन्सवर वेगळा नोंदवावा लागतो.

आणि पार्सल? फोनवर ऑर्डर आली, मग आम्ही डबा भरला.

ऑर्डरनंतर भरलेला डबा म्हणजे लगेच खाण्याचे जेवण. त्याला पॅकबंद मालाचे लेबल लागत नाही. हॉटेल-रेस्टॉरंटने बांधून दिलेल्या फास्ट फूडला वैधमापनाच्या नियमांतूनही सूट आहे. पण बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक हवाच. १ जानेवारी २०२२ पासून ती सक्ती आहे. नुसती नोंदणी असेल तर हा क्रमांक २ ने सुरू होतो, लायसन्स असेल तर १ ने. बिल हाताने लिहीत असाल तर क्रमांकाचा रबरी शिक्का करून घ्या.

सकाळी ४० डबे आधीच भरून सील केले आणि दुपारी येईल त्याला विकले, तर ते पार्सल राहत नाही. पोळी-भाजी केंद्रावरची पुरणपोळीची पाकिटे नेमकी याच गटात येतात.

पाकिटावर काय काय छापायचे?

पदार्थाचे नाव, घटकांची यादी, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह, ॲलर्जीची सूचना, वापरलेली ॲडिटिव्ह्ज (रंग, संरक्षक वगैरे), बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचा लोगो व क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच क्रमांक, तारखा, तक्रारीसाठी संपर्क आणि गरज असेल तिथे वापरण्याची किंवा साठवण्याची सूचना.

पत्ता पूर्ण म्हणजे पूर्ण. ‘नाशिक’ एवढे पुरत नाही. फोन नंबर आणि इन्स्टाग्रामचे नाव म्हणजे पत्ता नव्हे.

लेबल फक्त मराठीत चालेल का?

चालत नाही. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. जोडीला मराठी हवी तेवढी लिहा, फक्त दोन्हींत विसंगती नको. मराठीही देवनागरीतच असल्याने ‘देवनागरी म्हणजे चालते’ असा समज पसरला आहे आणि केवळ त्यापायी चांगल्या मालाची पाकिटे नियमात नापास होतात. सोपी वाट ही: नाव मोठ्या अक्षरांत मराठीत, बाकी तपशील इंग्रजीत आणि ॲलर्जीची ओळ दोन्ही भाषांत.

घटक कोणत्या क्रमाने लिहायचे?

बनवताना घातलेल्या वजनाच्या उतरत्या क्रमाने. शेवचिवड्यात पोहे जास्त असतील तर पोहे आधी, मग शेव, मग तेल, शेंगदाणे, असे.

नुसते ‘खाद्यतेल’ लिहू नका, कोणते तेल ते लिहा: शेंगदाणा, सूर्यफूल, पाम. तेलाचा भाव वाढला की कारखान्यात तेल बदलते आणि लेबल मात्र जुनेच राहते. तपासणीत हे हमखास सापडते, कारण निरीक्षक खरेदीची बिले मागतो.

शेव, गरम मसाला, सॉस असे तयार आणलेले घटक कंसात उलगडून लिहायचे. असा मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उलगडण्याची सक्ती नाही, पण त्यातली ॲलर्जीची वस्तू तरीही सांगायची. ‘काजू चिवडा’ असे नाव दिले किंवा पाकिटावर काजूचे चित्र टाकले, तर काजू किती टक्के हेही लिहावे लागते. १ किलोत ३० ग्रॅम काजू असतील तर ३ टक्के. आकडा छापायची लाज वाटत असेल तर नाव बदला.

ॲलर्जीच्या यादीत काय येते?

आपल्या नियमांत आठ गट आहेत: ग्लुटेन असलेली धान्ये (गहू, राय, बार्ली, ओट्स, स्पेल्ट), कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट (गंधकयुक्त संरक्षक). घटकांच्या यादीजवळ ‘कंटेन्स: व्हीट, मिल्क, नट’ अशी वेगळी ओळ द्यायची.

मराठी स्वयंपाकात या गोष्टी कुठे दडून बसतात ते पाहा.

बाजारातला हिंग सहसा ‘बांधानी’ असतो आणि त्यात अनेकदा गव्हाचे पीठ असते. म्हणजे तांदळाच्या चकलीतही ग्लुटेन आले. ‘ग्लुटेन फ्री’ छापण्याआधी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचा.

सोया सॉसमध्ये सोयाबीन असते आणि बहुतेक वेळा गहूही. चायनीज भेळ विकणाऱ्याला दोन्ही लिहावे लागतात.

पिवळे बेदाणे आणि जर्दाळू यांचा रंग टिकवायला गंधकाची प्रक्रिया केलेली असते. त्यांच्या पाकिटावर आयएनएस २२० (सल्फर डायऑक्साइडचा ॲडिटिव्ह क्रमांक) दिसले तर सल्फाइटचा विचार करा.

जवळ्याची चटणी कवचवर्गात येते, बोंबिलाची माशांत. दोन्ही ‘सुकी मासळी’ म्हणून एकाच लेबलवर ढकलू नका.

उपवासाच्या बहुतेक पदार्थांत दाण्याचे कूट असते. वड्याच्या सुक्या चटणीतही ते अनेकदा असते आणि खाणाऱ्याला दिसत नाही.

तीळ आणि मोहरी आपल्या आठांत नाहीत. तरी तिळाची ॲलर्जी खरी असते आणि काही वेळा गंभीर. तिळाची ओळ छापायला शाईखेरीज काही लागत नाही, तेव्हा छापावी.

शेंगदाण्याच्या चिक्कीनंतर त्याच कढईत राजगिऱ्याचे लाडू केले तर ‘मे कंटेन पीनट’ लिहा. पण ही ओळ सरसकट प्रत्येक पाकिटावर छापणे हा आळस आहे. सगळीकडे दिसली की ज्याला ॲलर्जी आहे तोही ती वाचायचे सोडून देतो. आधी क्रम बदला: दाण्याविना पदार्थ सकाळी, दाण्याचे शेवटी, मधे कढई-झारे गरम पाणी आणि साबणाने धुऊन.

हिरवा ठिपका, लाल ठिपका: नेमका नियम काय?

शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत भरीव हिरवे वर्तुळ. मांसाहाराचे चिन्ह ‘लाल’ म्हणून ओळखले जाते, पण रंग तपकिरी आहे आणि २०२० च्या विनियमांपासून आकारही बदलला: तपकिरी चौकटीत भरीव तपकिरी त्रिकोण. रंग ओळखता न येणाऱ्यालाही फरक कळावा हा त्याचा फायदा. अजूनही अनेक छापखान्यांच्या संगणकात जुने गोल चिन्ह पडलेले असते. प्रूफ तपासताना पाहा.

हिरव्या वर्तुळाचा व्यास पाकिटाच्या दर्शनी भागावर ठरतो: १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४, २,५०० पर्यंत ६, त्यापुढे ८. चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. जागा पदार्थाच्या नावाजवळ आणि मागचा रंग विरोधी.

अंडे असलेला केक मांसाहारी गटात जातो, दूध आणि मध शाकाहारीत. ‘जैन’ किंवा ‘उपवासाचे’ यांसाठी सरकारी चिन्ह नाही. शब्द वापरायला हरकत नाही, पण तो खोटा निघाला तर दिशाभूल ठरते.

तारखा कशा द्यायच्या? ‘बेस्ट बिफोर’ पुरते का?

नाही. बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ या दोन्ही हव्यात. ‘बेस्ट बिफोर’ वरून जोडता येते, त्यांच्या जागी नाही. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस, महिना, वर्ष. त्याहून जास्त टिकणाऱ्यावर महिना आणि वर्ष चालते.

सात दिवसांपर्यंतच टिकणाऱ्या पदार्थावर बनवल्याची तारीख नसली तरी चालते, पण शेवटची तारीख लागतेच. उकडीचे मोदक, पुरणपोळी, सँडविच यांना ही सवलत उपयोगी आहे.

पदार्थ किती दिवस टिकतो हे ठरवायची जबाबदारी तुमची. शेजारच्या ब्रँडच्या पाकिटावरून तारीख उचलणे ही सर्रास चालणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. त्यांच्या पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो, तुमच्या पिशवीत हवा. चिवडा सहसा बुरशीने जात नाही, तेल खवट होऊन जातो, आणि प्रकाश, हवा, उष्णता यांनी ते लवकर घडते. तळलेले खोबऱ्याचे काप आणि दाणे सगळ्यांत आधी वास सोडतात. ओल्या नारळाच्या करंजीचे गणित उलटे: तिथे पाणी जास्त, म्हणून दोन दिवसांतही आंबते. सुक्या खोबऱ्याची करंजी आणि ओल्या नारळाची करंजी एकाच तारखेच्या स्टिकरने विकू नका.

पद्धत अशी: एका बॅचची किमान दहा पाकिटे विक्रीच्याच पिशवीत बंद करा, साध्या तापमानाला ठेवा, ठरावीक दिवसांनी एकेक उघडून वास, चव, कुरकुरीतपणा लिहून ठेवा. दोष जाणवला त्या दिवसाच्या बऱ्याच आधीची तारीख धरा आणि मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या. प्रयोग मे महिन्यातही करा. दिवाळीत टिकलेले उन्हाळ्यात टिकेलच असे नाही.

पोषणमूल्यांचा तक्ता प्रयोगशाळेतूनच करावा लागतो का?

सुरुवात कागदावर होते. तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण मेद, संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम हवे. हे १०० ग्रॅममागे, आणि एका वेळच्या खाण्यात दिवसाच्या गरजेचे किती टक्के तेही. दिवसाची गरज धरायची अशी: २,००० किलोकॅलरी, मेद ६७ ग्रॅम, संपृक्त मेद २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरची साखर ५० ग्रॅम, सोडियम २,००० मिलिग्रॅम.

बेसन लाडूचा एक घाणा घेऊ. बेसन ४०० ग्रॅम, साजूक तूप २५० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम. प्रथिने अंदाजे ८८ ग्रॅम, कर्बोदके ५८२, मेद २७३. प्रथिने आणि कर्बोदकांना ४ ने, मेदाला ९ ने गुणले की एकूण सुमारे ५,१३७ किलोकॅलरी. आता भाजल्यावर, वळल्यावर लाडू प्रत्यक्ष तोला. पीठ भाजताना पाणी उडते, थोडे कढईला राहते. ९७० ग्रॅम भरले तर १०० ग्रॅममागे ५३० किलोकॅलरी आणि साखर ३६ ग्रॅम. ३० ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे १५९ किलोकॅलरी आणि १०.८ ग्रॅम साखर, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या २२ टक्के.

भागाकार कच्च्या वजनाने केला तर आकडे कमी दिसतात. ही नेहमीची गफलत. तळणाच्या पदार्थांत कागदी हिशेब फारसा भरवशाचा नाही, कारण चकलीने तेल किती प्यायले ते पिठाच्या मोहनावर आणि आचेवर असते. चकली, शेव, शंकरपाळी यांचे मेद प्रयोगशाळेत मोजून घ्या.

खोक्यासकट वजन केले तर काय बिघडते?

नियम मोडतो. वजन म्हणजे निव्वळ मालाचे; खोका, बटरपेपर, कागदी वाट्या त्यात नाहीत. काउंटरवर सुटी मिठाई देतानाही आधी रिकामा खोका काट्यावर ठेवून शून्य करायचे.

पाकिटावर सर्व करांसह एमआरपी आणि युनिट दर लागतो: एक किलोपेक्षा कमी माल असेल तर ग्रॅममागे, जास्त असेल तर किलोमागे. २५० ग्रॅम चिवडा १८० रुपयांना असेल तर दर ग्रॅममागे ७२ पैसे. किंमत वाढवणारा स्टिकर चिकटवता येत नाही. कमी करणारा चालतो, मूळ किंमत झाकू नये एवढेच.

‘घरगुती’, ‘ताजे’, ‘१०० टक्के शुद्ध’ हे शब्द वापरायचे का?

जपून. जाहिरात व दाव्यांच्या २०१८ च्या विनियमांत ‘होममेड’, ‘होम कुक्ड’ यांसारख्या दिशाभूल करू शकणाऱ्या शब्दांना मनाई आहे. भाड्याच्या गाळ्यात दहा बायका लावून केलेली चकली ‘घरगुती’ म्हणून विकणे सरळ यात बसते. ‘ताजे’ म्हणजे धुणे, सोलणे, कापणे, थंड करणे अशा किरकोळ कामापलीकडे प्रक्रिया न झालेले. त्यामुळे ‘ताजी शेव’ हा नियमाच्या भाषेत विरोधाभास. ‘१०० टक्के’ वापरू नका, असे एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये व्यावसायिकांना स्वतंत्रपणे कळवले आहे. ‘साजूक तुपातले’ लिहिता येते, फक्त मग घटकांच्या यादीत डालडा दिसता कामा नये.

पनीरबद्दल विशेष: दुधाच्या मेदाऐवजी वनस्पती तेल घालून केलेले ‘ॲनालॉग’ हे ‘पनीर’ या नावाने विकता येत नाही. मेनूत ‘पनीर मसाला’ लिहून ते घातले तर गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, मग ते ताटात लेबलशिवाय आले म्हणून सुटका नाही.

काचेच्या कपाटातल्या सुट्या मिठाईचे काय?

१ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक ट्रेसमोर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे सक्तीचे आहे. बनवल्याची तारीख ऐच्छिक. एफएसएसएआयच्या मार्गदर्शनात कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाईसारख्या मिठाया दोन दिवस, पेढे-बर्फी चार दिवस, असे अंदाज दिले आहेत. उरलेल्या कालच्या पेढ्यांवर आजचे पेढे ओतले तर तारीख कालचीच धरायची.

मेनूकार्डवर कॅलरी लिहायच्या का?

केंद्रीय लायसन्स किंवा दहा व अधिक ठिकाणी शाखा असतील तर हो: प्रत्येक पदार्थापुढे एका वाढपाच्या कॅलरी, शिवाय ॲलर्जीची माहिती आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. समारंभाचे केटरर आणि वर्षातून ६० दिवसांपेक्षा कमी चालणारी ठिकाणे यातून वगळली आहेत. तरी बुफेतल्या प्रत्येक भांड्यापुढे नाव, चिन्ह आणि ॲलर्जीचा घटक लिहिलेले कार्ड ठेवा. वाढप्याला विचारले तर तो ‘दाणे नाहीत’ असे बिनधास्त सांगतो, कारण कूट त्याला दिसलेले नसते.

बचत गटाकडून चकली घेऊन आमच्या नावाने विकली तर?

लेबलवर दोघांची नावे हवीत: बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तुमचे, आणि दोघांचेही एफएसएसएआय क्रमांक. माल किलोवर आणून तुम्ही पाकिटे भरत असाल तर रिपॅकिंगचा प्रकार लायसन्सवर असायला हवा. बनवल्याची मूळ तारीख पुढे चालवायची. पाकीट भरल्याच्या दिवसापासून नवी मुदत मोजता येत नाही.

स्वयंपाकघरातल्या आतल्या डब्यांनाही चिठ्ठी लावायची?

लावाच, तीही प्रत्येक डब्याला. पदार्थ, केल्याची तारीख-वेळ, संपवायची वेळ, करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी झाकणावर नको, डब्याच्या अंगावर. झाकणे अदलाबदल होतात. वाटण, ग्रेव्ही, भिजवलेली डाळ, वितळवलेले मांस यांना हे आधी. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. हॉलवर जाणाऱ्या हॉटबॉक्सवर निघाल्याची वेळ आणि तापमान लिहिले, तर रात्री कोणाचे पोट बिघडल्यावर उत्तर द्यायला काहीतरी हातात राहते.

परदेशात विकायचे असेल तर हेच लेबल चालेल?

नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक आहे. ब्रिटनमध्ये यादी १४ घटकांची असून तीळ आणि मोहरी दोन्ही तिच्यात आहेत. लंडनमध्ये डबे आधी भरून त्याच दुकानात विकणाऱ्या मराठी खानावळीलाही ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण घटकयादी छापावी लागते, त्यात ॲलर्जीचे घटक ठळक. म्हणजे फोडणीतली मोहरीही ठळक.

दंड किती? आणि छापलेल्या पाकिटांत चूक निघाली तर?

लेबलमधल्या दोषासाठी, म्हणजे ‘मिथ्याछाप’ अन्नासाठी, कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत.

चूक कळली की आधी ती बॅच विक्रीतून बाजूला काढा. ॲलर्जीचा घटक सुटला असेल तर विकलेला मालही परत बोलवा, उशीर करू नका. पत्ता किंवा घटकाचा क्रम चुकला असेल तर उरलेली पाकिटे वापरण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. तारखेवर दुसरा स्टिकर मात्र कधीही चिकटवू नका. आणि पाच हजार पाकिटांची छपाई देण्याआधी एक प्रूफ खऱ्या आकारात कागदावर काढून पट्टीने मोजा. पडद्यावर मोठे दिसणारे अक्षर पाकिटावर १ मिलिमीटरही भरत नाही.